तीन सह्यांची भाषा

१२ मार्च

ताई,

आज सकाळी आठ ते दुपारी चार कामावर होतो. एकोणीस चष्म्यांच्या काचा घासल्या, एक फुटली. येताना ब्रेड आणि साबण घेतला. घरी येऊन खिडक्या पुसल्या आणि हे पत्र लिहायला बसलो.

दादाला जाऊन एकवीस दिवस झाले. फोनवर कळवलं तेव्हा तू "बरं" म्हणालीस आणि मी "ठेवतो" म्हणालो. सांगायचं राहिलं ते असं, की त्याला त्रास फार झाला नाही. आदल्या दिवशी त्याने माझ्याकडून दाढी करून घेतली आणि वर "काचा घासणाऱ्याच्या हातात गाल दिला, आता आरपार दिसेल" अशी थट्टाही केली. सकाळी चहा घेऊन गेलो तेव्हा संपलं होतं. त्याच्या नकाशा कचेरीतले चौघे जण आले होते. तू आली नाहीस. कोर्टाचं काम टाकून एवढ्या लांबून येणं सोपं नसतं, हे मला कळतं.

पत्राचं कारण वेगळं आहे. विद्यापीठात माणसांनी रचलेल्या भाषांचा एक संग्रह आहे. दादाने गेल्या वर्षी आपल्या 'आतली'चं व्याकरण तिथे पाठवलं होतं. तू ती बोलत असशील की विसरली असशील, मला माहीत नाही. दादा कंबरेपर्यंत प्लास्टरमध्ये आठ महिने पडून होता, आणि खोलीत आवाज करायचा नाही अशी डॉक्टरांची ताकीद होती. म्हणून आपण तिघांनी नुसती कुजबुजून बोलता येईल अशी भाषा केली. दादा अकराचा, तू आठची, मी चारचा. बाकीच्यांनी ती मोठं झाल्यावर सोडली असती. दादाने सोडली नाही.

संग्रहाचं उत्तर तो गेल्यानंतर नवव्या दिवशी आलं. तिथल्या बाईंनी लिहिलंय की व्याकरण उत्तम आहे, पण नववं प्रकरण नाही. एका वाक्याच्या पोटात दुसरं वाक्य कसं घालायचं, याचं ते प्रकरण. तीस जूनपर्यंत ते आलं नाही, तर आतली 'अपूर्ण' या कपाटात जाईल. ते कपाट मी पाहून आलो. तळघरात आहे, जिन्याखाली. दादाने पन्नास वर्षं घातली ती तिथे जाण्यासाठी नाही.

प्रकरण लिहून तयार आहे, एकेचाळीस कार्डांवर. पण व्याकरणाच्या पहिल्याच पानावर आपला नियम छापलाय: तिघांची सही असल्याशिवाय कुठलाही शब्द, कुठलाही नियम भाषेत येणार नाही. दादाची निळी शाई, तुझी हिरवी, माझी पेन्सिल, कारण तेव्हा मला शाई द्यायचे नाहीत. त्या एकेचाळीस कार्डांवर निळं आहे, पेन्सिल आहे, हिरवं नाही.

कार्डं दादाच्या खणात सापडली. सोबत पाठवतो आहे. मंजूर असतील तर सही करून परत पाठव.

तुझा भाऊ

३ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मिळालं. तीनच वाक्यं आहेत, तरी चार वेळा वाचलं. "आतल्या पाकिटावर माझा पत्ता दादाच्या अक्षरात आहे, अकरा वर्षांपूर्वीची तिकिटं आहेत आणि शिक्का नाही. पाकिटाला काचेच्या पॉलिशची गुलाबी पूड लागली आहे. दादाच्या खणात ती कुठून आली?"

साक्षीदारांची काय अवस्था होत असेल, ते आज कळलं.

पाकीट माझ्या कामाच्या टेबलाच्या खणात होतं. पुडीच्या डब्याखाली. दादाच्या खणात सापडलं, हे मी खोटं लिहिलं.

आईच्या आजारपणात तू चार दिवस उशिरा आलीस, आणि सगळ्यांच्या देखत मी म्हणालो, "पाहुण्यांना चहा द्या." तू दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग उचलून गेलीस. त्यानंतर तीन आठवड्यांनी दादाने हे पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं. त्या दिवसांत त्याला जिने उतरवत नव्हते. मी ते टेबलावर ठेवलं, मग खणात ठेवलं. संध्याकाळी त्याने विचारलं, "टाकलंस?" मी म्हणालो, "टाकलं."

मला वाटत होतं आठवडाभराने टाकू. तुला जरा वाट बघू दे, असं होतं मनात. मग आठवड्याचा महिना झाला, आणि महिन्यानंतर टाकलं असतं तर इतके दिवस कुठे होतं हे सांगावं लागलं असतं.

आपला दुसरा नियम तुला आठवत असेल. कार्ड एकदाच जातं. परत आलं नाही तर ते नामंजूर, पुन्हा विचारायचं नाही, नाहीतर तो हट्ट. तो नियम तूच केला होतास, मी 'आइसक्रीम'साठी सहा शब्द आणले होते तेव्हा. दादाने तो पाळला. अकरा वर्षांत एकदाही विचारलं नाही, आणि त्यानंतर एकही नवं कार्ड लिहिलं नाही. त्याला वाटलं तू आतली सोडलीस. तुला वाटलं असेल की आम्ही दोघांनी तुला काढून टाकलं.

कार्डांवर सही करू नकोस असं वाटत असेल तर करू नकोस. पण ती फाडू नकोस.

आज कामावर गेलो नाही. बरं नाही असं कळवलं.

धाकटा

२६ एप्रिल

ताई,

पार्सल आलं! पोस्टमन म्हणाला, "साहेब, सही करा," आणि मी त्याच्या कागदावर पेन्सिलने सही केली. त्याने मला पेन दिलं.

एकेचाळीसच्या एकेचाळीस कार्डांवर हिरवी शाई आहे. एकोणतीस मंजूर, बारा नामंजूर. सगळी टेबलावर मांडली आणि उभ्याने वाचत गेलो. ज्यांच्यावर तू दादालाच उद्देशून लिहिलं आहेस, ती वाचायला वेळ लागला. सहाव्यावर: "मंजूर. अक्षर अजून तसंच, मुंग्यांची कवायत." चौदाव्यावर: "दादा, हे झोपेत लिहिलंस का रे? नामंजूर." आणि सदतिसाव्यावर तर जागा पुरली नाही म्हणून वेगळा कागद जोडलास.

त्या सदतिसाव्यावरच सगळं अडलंय, हे माझ्या लक्षात आलं. बाकीची अकरा त्याच्याच पोटची आहेत.

माझ्यासाठीच मी ते पुन्हा लिहून काढतो, म्हणजे डोक्यात पक्कं होईल. आतलीत प्रत्येक क्रियापदाला शेपटी लागते. शाळेत त्याला प्रत्यय म्हणायचे, आपण शेपटीच म्हणायचो. स्वतः पाहिलं असेल तर 'का', दुसऱ्याकडून ऐकलं असेल तर 'शी', आणि नुसता अंदाज असेल तर 'नू'. 'लापे' म्हणजे येणं. 'लापेका', आला, मी पाहिलं. 'लापेशी', आला म्हणे. 'लापेनू', आला असावा. पोटात जाणाऱ्या वाक्याला पुढे 'इ' लावायचा आणि मागे 'मो' म्हणून दार लावून घ्यायचं, इथपर्यंत तुमचं एकमत आहे. दादाचं म्हणणं असं, की दार लावलं की शेपटी कापायची. आतल्या माणसाला बाहेरून कोण बघतंय?

आणि तू लिहिलंस: "वीस वर्षं कोर्टात दुभाषी म्हणून उभी आहे मी. साक्षीदार म्हणतो, ज्या माणसाने चोरी केली त्याला मी ओळखतो. ओळखतो हे खरं. पण चोरी केली हे त्याने पाहिलं, ऐकलं की ठरवलं? तू शेपटी कापलीस की एक माणूस आत गेला समज. पोटात गेलं म्हणून वाक्य कुणाचं ते विसरायचं नाही. नामंजूर, नामंजूर, नामंजूर."

ताई, मी हसलो. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. आणि मग मला दादाचा राग आला, की हे त्याला कसं सुचलं नाही. तुझं बरोबर आहे. बारा कार्डं नव्याने लिहावी लागतील. लिहून पाठव, मी पेन्सिल टोकदार करून ठेवतो.

शेवटी तू माझ्यासाठी लिहिलंस: "पाकिटाबद्दल मी अजून रागावलेली आहे. तो विषय वेगळा. कामाला लाग." लागलो.

धाकटा

१९ मे

ताई,

तुझी बारा नवी कार्डं आली. मी सगळ्यांवर पेन्सिल केली. कामावरच्या जेवणाच्या सुट्टीत वाचत होतो, तर शेजारचा फ्रेमवाला म्हणाला, "काय रे, प्रेमपत्र का? एवढं हसतोयस." मी म्हणालो, "बहिणीचं आहे. शिव्या आहेत." तो म्हणाला, "मग बरोबर."

पण एक अडचण आहे, आणि ती तुलाही दिसली असणार. नव्या कार्डांवर निळं नाही.

संग्रहातल्या बाईंना फोन केला. त्यांना सरळ सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमचे भाऊ आता नाहीत, तेव्हा दोन सह्या चालतील असा नवा नियम करा ना." मी म्हणालो, "नियम बदलायलाही तीन सह्या लागतात." फोनमधून पानं उलटल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "तुम्ही लोक फार कठीण आहात हो," आणि पुढे म्हणाल्या, "पण पहिल्या पानावर जे लिहिलंय, त्याप्रमाणेच आम्ही तपासतो. तीस जून."

काही सुचलं तर लिही. मला सुचत नाही.

धाकटा

८ जून

ताई,

तुझ्यासारखं डोकं मला असतं तर मी काचा घासल्या नसत्या. तू फोनवर म्हणालीस तेच करतो आहे: ज्या नियमाप्रमाणे दादाने कधीही, कुठेही, स्वतःच्या हाताने एक वाक्य लिहिलं असेल, त्या नियमाला त्याची सही आहे असं धरायचं. "सही म्हणजे दुसरं काय असतं?" तू म्हणालीस. "माणसाने आपल्या हाताने दिलेला होकार." मग मी विचारलं, "आणि तसं वाक्य नसेल तर?" आणि तू म्हणालीस, "घुम्या, बोलतोस कमी आणि रडतोस जास्त. आधी शोध."

मला कुणी घुम्या म्हणून अकरा वर्षं झाली होती.

तर ऐक. दादाने नवी कार्डं लिहिणं बंद केलं होतं, पण आतलीत लिहिणं बंद केलं नव्हतं. घरभर चिठ्ठ्या आहेत. औषधांच्या डब्यात, कॅलेंडरच्या मागे, धोब्याच्या यादीवर. मला आजवर त्या नुसत्या याद्या वाटायच्या. आणि ताई, त्याने शेपट्या कापलेल्या नाहीत! स्वतः कार्डावर लिहून ठेवलं 'कापा', आणि स्वतःच्या यादीत एकही कापली नाही. धोब्याच्या यादीत आहे: 'जे शर्ट इस्त्री केले (म्हणे), ते चुरगळलेले आहेत (पाहिलं).' औषधाच्या डब्यात: 'जी गोळी कडू नाही (म्हणे), ती कडू आहे.' घरात तो तुझ्याच बाजूने बोलत होता, आणि ते सांगायला त्याच्याकडे कुणी नव्हतं. म्हणजे मी होतो, पण मी कधी विचारलं नाही.

बारापैकी अकरा नियमांना वाक्यं मिळाली. सगळी अक्षरं जशीच्या तशी कापून कार्डांना डकवली.

त्यात एक पाकिटाबद्दलचं आहे. जुन्या डायरीतलं. 'जे पाकीट धाकट्याने टाकलं (म्हणे), त्याचं उत्तर नाही.' नियमाप्रमाणे ते तसंच लिहायला हवं, कारण त्याने मला टाकताना पाहिलं नव्हतंच. त्याला आणखी काही म्हणायचं होतं का, हे मला कळायला मार्ग नाही. मी ते कार्ड क्रमांक एकतीसला लावलं आहे. ते छापलं जाईल. जावं.

राहिला बारावा नियम. पोटाच्या आत पोट, म्हणजे एकात एक दोन वाक्यं आणि तिन्ही शेपट्या तीन ठिकाणी. असं वाक्य घरात कोण कशाला लिहील? सगळी कपाटं पाहिली. नकाशा कचेरीतही जाऊन आलो, त्यांनी त्याचं टेबल आधीच दुसऱ्याला दिलं होतं. बावीस दिवस आहेत.

घुम्या

२१ जून

ताई,

सापडलं. सापडलं. सापडलं.

फोन करणार होतो, पण तुझ्याकडे कोर्टाची वेळ होती, आणि हे मला लिहायचंच होतं.

आज सकाळी मोरीत पाय धुवायला गेलो. माझी पाठ भरून आली होती, कालपासून माळ्यावरची खोकी काढत होतो ना. म्हणून दादाच्या स्टुलावर बसलो. त्याला कंबरेमुळे उभं राहून अंघोळ जमायची नाही, ते स्टूल त्याचं. मी कधी त्यावर बसलो नव्हतो. बसलो, आणि समोर, बेसिनच्या खालच्या फरशीवर, पक्क्या निळ्या शाईत, ओळ!

तेव्हा उमगलं. दोन आठवडे मी सगळं घर उभ्याने शोधत होतो. दादा घरात कधी उभा राहायचाच नाही. त्याचं लिहिलेलं सगळं बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर आहे. मी मूर्ख, माळे उपसत होतो.

ओळ अशी आहे: 'इमासेलेनू मो इतिसोशी मो पुती सेलेका.'

पुती म्हणजे नळ, सेले म्हणजे गळणं, मा म्हणजे नाही आणि तिसो म्हणजे म्हणणं, हे तुला आठवतंच. 'जो गळणार नाही (त्याचा अंदाज) असं तो म्हणाला (म्हणे), तो नळ गळतो आहे (मी पाहतो आहे).' नळ दुरुस्त करणारा मला म्हणाला होता, आता काही गळायचा नाही, आणि मी ते दादाला सांगितलं होतं. म्हणून मधली शेपटी 'शी'. नळवाल्याची एक शेपटी, माझी एक, आणि सगळ्यांत शेवटी त्याची स्वतःची. पोटात पोट, दोन दारं, कुणाचंही काही कापलेलं नाही. बसून अंघोळ करता करता त्या माणसाने नववं प्रकरण पुरं केलं होतं, आणि वर मला व नळवाल्याला टोमणा मारून ठेवला होता.

फरशी निघेना. मग कामावरून काच कापायचा हिरा आणला, भोवतीने कापली आणि सबंध फरशी काढली. नळवाला आला तर काय सांगू माहीत नाही. फरशी कागदात गुंडाळून, उरलेलं बारावं कार्ड म्हणून, आजच संग्रहात देऊन आलो. बाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली. विचारलं, "हे कार्ड आहे?" मी म्हणालो, "हो. तिसरी सही आहे."

त्यांनी पावती दिली. त्यावर लिहिलंय: 'प्रकरण नऊ, पूर्ण. एक नग फरशीसह.'

आता एकच उरलं. संग्रहाच्या 'जिवंत' या यादीत, म्हणजे अजून बोलल्या जाणाऱ्या भाषांत, जायचं असेल तर दोन माणसांनी समितीसमोर दहा मिनिटं, आधी न ठरवता, बोलून दाखवायला हवं. एकोणतीस तारखेला. तू फोनवर चालशील म्हणतात. तुझ्याकडची वेळ पुढे असल्यामुळे तुझ्या कोर्टाची मधली सुट्टी आणि इथली सकाळ जुळते आहे. मला चार माणसांत बोलायला जमत नाही, हे तुला माहीत आहे. तरी मी हो म्हणून आलो.

घुम्या

३० जून

ताई,

काल तुला जे ऐकू आलं ते तुला माहीतच आहे. जे दिसलं नाही ते लिहितो.

वाचनालयातली खोली, लांब टेबल. समितीत तिघं: संग्रहाच्या बाई, एक दाढीवाले प्राध्यापक आणि कानाला यंत्र लावलेल्या एक वयस्क बाई. समोर तीसेक माणसं. प्रत्येकाच्या हातात शब्दांची यादी दिली होती, म्हणजे त्यांना बोलणं समजत जाईल. प्राध्यापकांनी उठून आतलीत स्वागत केलं, तेही असं दणक्यात, की पहिल्या रांगेतली बाई दचकली. तू फोनमधून कुजबुजलीस, "कोण ओरडतंय?" आणि ते कर्ण्यातून सगळ्या खोलीत ऐकू गेलं. यादीत पाहून लोकांना अर्थ लागायला तीन सेकंद गेले, आणि मग हशा. नंतर प्रत्येक वेळी तसंच झालं. आपण काही म्हणायचं, मग पानांची सळसळ, मग हशा.

आपण कुजबुजत होतो, आणि तीस माणसं पुढे वाकून ऐकत होती. खिडकीबाहेर कुणी ट्रक चालू केला, तर दोघं जण धावत जाऊन खिडक्या लावून आले. दादासाठी आपण जेवढं गप्प बसायचो, तेवढी ती खोली गप्प होती.

तू विचारलंस काय घातलं आहेस. मी म्हणालो दादाचा कोट. तू म्हणालीस, "घट्ट होतोय ना?" मी म्हणालो, "पोटात." बाईंनी हसू दाबलं, मी पाहिलं. मग तू ते वाक्य म्हणालीस. तू ते ठरवून आणलं नव्हतंस, हे मला तुझ्या श्वासावरून कळलं. 'ज्या माणसाने पाकीट टाकलं (म्हणे), तो माझ्याशी बोलतो आहे (मी ऐकते आहे, स्वतः, आत्ता).' पानांची सळसळ झाली. हशा आला नाही. कानाला यंत्र लावलेल्या बाईंनी यादी खाली ठेवली.

मी काय उत्तर दिलं, ते तुला माहीत आहे. ते इथे मराठीत लिहीत नाही.

दहा मिनिटांची घंटा वाजली ती कुणी ऐकली नाही. तेविसाव्या मिनिटाला तुझ्या कोर्टाची घंटा वाजली, आणि तू घाईघाईने शेपटी नसलेलं वाक्य म्हणालीस. प्राध्यापकांनी हात वर केला, "चूक!" मी म्हणालो, "चूक नाही, ती घाईत आहे." त्यांनी ते लिहून घेतलं.

तिघांनी आपापसांत बोलायला पाच मिनिटंसुद्धा घेतली नाहीत. बाईंनी उभं राहून वाचलं: आतली, व्याकरण पूर्ण, नऊ प्रकरणं, यादी जिवंत, बोलणारे दोन. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. प्राध्यापक म्हणाले, "अहो, हळू, हळू!" आणि मग तीस माणसांनी, खरंच सांगतो, बोटांच्या टोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही उठलो. एवढ्या जोरात उठलो, की कोटाचं मधलं बटण सुटून टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यावर आपटलं.

चालत घरी आलो. वाटेत तीन-चार माणसांनी वळून पाहिलं, बहुतेक मी काहीतरी पुटपुटत असणार. तू सप्टेंबरमध्ये येते म्हणालीस ना, ते मी 'का' लावूनच धरलं आहे. मधल्या खोलीला रंग देऊन घेतो.

आता कोट मांडीवर घेतला आहे. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दोन वेळा दोरा चुकला, तिसऱ्या वेळी सुईत गेला. बटण शिवलं, गाठ मारली आणि दोरा दाताने तोडला.

घुम्या